बांधून आणलेलं जुनं ट्रॅक्टर इंजिन तेल गाळतंय, धूर सोडतंय? या चुका टाळा

रिंग-पिस्टन नवे, लायनर नवे, पॅकिंगचा पूर्ण सेट नवा, बोरिंगचं बिल अजून खिशात. आणि रात्री ट्रॅक्टर उभा केला तिथे सकाळी जमिनीवर काळा डाग, वर सायलेन्सरमधून निळसर धूर. अशा वेळी मालक लगेच सील मागवतो. गोव्यात पेडणे, डिचोली, सत्तरीकडे जुने मॅसी ३५, बी-२७५ ट्रॅक्टर अजून चिखलणीला उतरतात, आणि त्यांच्या बाबतीत बहुतेक पैसा वाया जातो तो याच घाईत. पाना हातात घेण्याआधी दोन गोष्टी कळायला हव्यात: तेल नेमकं कुठून निघतं आणि धूर नेमका कधी येतो.

ओलं दिसतं तिथेच गळतं असं धरून चालणं

तेल खाली उतरतं, आणि पंख्याच्या वाऱ्याने मागेही सरकतं. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, पॅकिंगमधून सुटलेला थेंब ब्लॉकवरून ओघळत थेट तळाच्या ऑइल चेंबरच्या कडेला जाऊन लटकतो, आणि बिचाऱ्या चेंबरचं पॅकिंग बदललं जातं. आमच्या लाल मातीत तर तेलावर धुळीचा असा थर बसतो की सगळं इंजिन एकसारखं ओलं दिसतं.

आधी डिझेल आणि ब्रशने इंजिन स्वच्छ धुवा, पुसून पूर्ण वाळू द्या. मग संशयाच्या जागांवर टाल्कम पावडर किंवा खडूची भुकटी उडवा, इंजिन गरम होईपर्यंत चालवा, बंद करा आणि टॉर्च घेऊन वरून खाली बघत या. पांढऱ्या भुकटीवर उमटलेली सगळ्यात वरची ओली रेघ हीच गळतीची जागा.

बेल हाउसिंगच्या थेंबाला थेट क्रँकचं सील ठरवणं

बेल हाउसिंग म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधला, क्लच झाकणारा भाग. त्याला खालच्या बाजूला एक छोटं भोक असतं, त्यात सैल कॉटर पिन अडकवलेली असते. ती हलत राहावी आणि भोक बुजू नये म्हणूनच ठेवलेली असते. खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या शेतात, काम करून आल्यावर तिथे चिखल घट्ट बसतो, तेल आत साचतं आणि क्लच घसरायला लागतो. पिन हलवून भोक मोकळं करा, मग पडणारा थेंब बोटावर घ्या. काळा, पातळ असेल तर इंजिनचं तेल. फिकट, जाडसर, उग्र वासाचा असेल तर गिअरबॉक्सच्या शाफ्टचं सील बघा. तिथे क्रँकला हात लावून काही होणार नाही.

इंजिनचंच तेल निघालं तरी टॅपेट कव्हरची मागची कड आणि ऑइल प्रेशरचा पाइप आधी तपासा. मॅसी ३५ला १९५९ पासून मिळालेल्या तीन सिलिंडरच्या पर्किन्स ए३.१५२ इंजिनात मागचं सील रबराचं नसतं, दोरीचं असतं. ही दोरी तेलात भिजवून, गोल दांड्याने खाचेत नीट दाबत बसवायची असते, आणि तिची टोकं सांध्याच्या पातळीच्या पाव ते अर्धा मिलिमीटर वर ठेवायची असतात. सपाट कापली की सांध्यातून तेल सुटणारच. मेस्त्री वाईट नसतो, त्याला रबरी सीलची सवय असते एवढंच.

ब्रीदर न बघता सील बदलत राहणं

ही सगळ्यात महाग चूक. पिस्टनच्या बाजूने थोडा गॅस खाली चेंबरमध्ये उतरतोच, नव्या इंजिनातही. त्याला बाहेर पडायला ब्रीदर दिलेला असतो. तो जुन्या तेलाने, मातीने किंवा कुंभारमाशीच्या घराने बुजला की आत दाब वाढतो, आणि तो दाब जिथे जागा मिळेल तिथून तेल बाहेर ढकलतो: पुढचं सील, मागचं सील, टॅपेट कव्हर, डिपस्टिकची नळीसुद्धा. ओव्हरहॉलमध्ये सगळं धुतलं जातं, हा पाइप मात्र तसाच परत लावला जातो.

"दादा, तिसऱ्यांदा सील घातलं, तरी तेच."
"ऑइल भरायचं झाकण काढून बघितलं का?"
"नाही बा. झाकणाचा काय संबंध?"

संबंध असा: इंजिन गरम असताना, कमी रेसवर, झाकण फक्त सैल करून त्याच जागी ठेवा. हलकी वाफ, किंचित थरथर ठीक. झाकण उडत असेल, फकफक धूर येत असेल तर आत दाब आहे. मग ब्रीदर काढून डिझेलमध्ये धुवा आणि पुन्हा तपासा. दाब गेला तर गळती बऱ्याचदा तिथेच थांबते. ब्रीदर मोकळा असूनही फकफक चालूच असेल, तर दोष रिंगांकडे, आणि तेव्हा सीलवर रुपया घालू नये.

नवं इंजिन लाडात ठेवणं

"नवीन बांधलंय, जरा सावकाश चालवू या" म्हणून तासन् तास रिकामं आयडलवर ठेवणं म्हणजे स्वतःच निळा धूर मागवणं. रिंगा लायनरवर बसायला त्यांच्यामागे गॅसचा दाब लागतो, आणि तो लोड दिल्यावरच येतो. लोड नसेल तर होनिंगच्या, म्हणजे लायनर आतून घासून पाडलेल्या, तिरप्या रेघांवर तेल जळून चकचकीत थर बसतो. मग रिंगा कधीच बसत नाहीत आणि लायनर पुन्हा होन करावे लागतात. पहिले पन्नासेक तास मध्यम लोड, रेस बदलती, इंजिन दमेल असं ओढणं टाळायचं. सिंथेटिक ऑइल या काळात नको.

याच आयडलचा आणखी एक उपद्रव: एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या जोडांतून काळं चिकट पाणी गळतं. लोक त्याला हेडची गळती समजतात. ते अर्धवट जळलेलं डिझेल आणि तेल असतं. एक-दोन तास नांगराला जुंपा, बहुतेक वेळा सुकून जातं.

धुराचा फक्त रंग बघणं, वेळ न बघणं

निळा म्हणजे तेल, हे सगळ्यांना ठाऊक. पण सकाळी स्टार्ट करताना निळा भपका आणि मग साफ, तर व्हॉल्व्ह गाइड. लोडवर सतत निळा, तर रिंगा. आणि रिंगांना दोष देण्याआधी ऑइल बाथ एअर क्लीनरची, म्हणजे हवा तेलातून गाळणाऱ्या फिल्टरची, वाटी उघडा. खुणेच्या वर तेल भरलं असेल तर इंजिन तेच ओढून जाळतं, आणि फार झालं तर डिझेल बंद करूनही इंजिन बंद होत नाही. त्याच वाटीत लाल चिखल साचला असेल तर हवा अडते आणि धूर काळा होतो.

पांढरा धूर नाकाला झोंबत असेल तर ते न जळलेलं डिझेल: टायमिंग एका दाताने चुकलंय, नोझल ठिबकतंय किंवा कॉम्प्रेशन कमी. वाफेसारखा असेल आणि रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत असतील तर हेड पॅकिंग किंवा हेडचा तडा. पावसाळ्यात मात्र ऑइलच्या झाकणाखाली थोडी दुधी मलई दमट हवेनेही जमते. डिपस्टिकवरचं तेल स्वच्छ असेल तर तेवढ्यासाठी हेड उतरवू नका.

डिपस्टिकवर तेल वाढलं म्हणून खूश होणं

तेल आपोआप वाढत नाही. टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाचा पडदा फाटला की डिझेल चेंबरमध्ये उतरतं. तेल पातळ होतं, सगळीकडून झिरपतं, धूर देतं, आणि शेवटी बेअरिंग खातं. डिपस्टिक हुंगा. डिझेलचा वास आला तर ट्रॅक्टर त्याच क्षणी बंद, पंप दुरुस्त करून तेल आणि फिल्टर दोन्ही बदलायचे.

सिलिकॉन पेस्ट भरभरून लावणाऱ्यांसाठी एकच वाक्य: बाहेर जेवढी दिसते तेवढीच आतही गेलेली असते, आणि ती ऑइलच्या जाळीत अडकते.

एवढं करूनही लोडवर निळा धूर राहिला, तर कमी रेसवर एकेका नोझलच्या पाइपचा नट कापड गुंडाळून किंचित ढिला करा. बोट कधीही धारेसमोर नको. पंपाच्या दाबाचं डिझेल कातडीत घुसतं. ज्या सिलिंडरला धूर कमी होतो, त्याचं कॉम्प्रेशन मोजा. तो एकच कमी निघाला तर रिंग तुटलेली, उलटी बसवलेली किंवा सगळ्या रिंगांचे कट एका रेषेत आलेले असू शकतात. सगळेच सिलिंडर सारखे कमी असतील तर बोरिंगवाल्याला विचारा: लायनर क्रोमचे दिलेत का? क्रोमच्या लायनरला क्रोमची रिंग चालत नाही, आणि किट बदलून घेण्यापलीकडे त्यावर इलाज नाही.