सोलापुरात कडाक्याची थंडी पडली तर घरात काय करायचं

आपल्याकडं बर्फ वगैरे काय पडत नाही, पण डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडचं वारं सुटलं की पत्र्याचं घर रात्री नुसतं फ्रीज होतंय, कारण आपली घरं सगळी उन्हाळ्याच्या हिशोबानं बांधलेली.

पहिलं काम फरशीचं. शहाबादी फरशी पहाटे पायाला चटका देते, म्हणून खाली सतरंजी, त्यावर गादी, आणि पांघरायला एकच जाड रग घेण्यापेक्षा दोन सोलापुरी चादरी एकावर एक घ्या, मधे हवा अडकते ना तीच ऊब धरते. पत्र्याच्या कडेच्या फटीत जुन्या साड्यांचे बोळे कोंबायचे, पण एक झरोका उघडा ठेवायचाच.

आणि कोळशाची शेगडी खोलीत घेऊन दार लावून झोपायचं नाही म्हणजे नाही. कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग, झोपेतच माणूस जातो. बाथरूममधल्या गॅस गिझरचंही तेच. आमची आजी ऐकतच नव्हती, शेवटी शेगडी अंगणात नेली आणि तिला गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून दिली, आता ती पिशवी कुणाला हात लावू देत नाही.

खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठतं, बाटली दुपारी उन्हात ठेवा, अंथरुणं पण तेव्हाच गच्चीवर टाका आणि ऊन उतरायच्या आत घड्या घालून खाली आणा. जेवायला बाजरीची गरम भाकरी, शेंगाचटणी, वर तेल. चटणी जरा जास्तच घ्या, थंडी असो नसो.