काळ्या रानातल्या रोपाचा पहिला उन्हाळा

आपल्या मराठवाड्यात जुलैत लावलेलं रोप पावसाळ्यात सहसा मरत नाही, ते मरतं मार्च ते मे मधी, आणि लई वेळा पाणी कमी पडलं म्हणून नाही तर चुकीचं दिलं म्हणून. मी पण हेच केलं. बांधावर केसर आंब्याची कलमं लावली आणि रोज संध्याकाळी तांब्याभर पाणी ओतायचो, वाटायचं लेकरागत जपतोय, पण ओली व्हायची वरची दोन बोटं माती, मुळं तिथंच घुटमळली आणि एप्रिलात पारा ४२ च्या वर गेला तशी चार कलमं वाळली.

त्यापेक्षा आठवड्याला एकदाच, पण १०-१५ लिटर, सावकाश मुरू द्या. भर उन्हाळ्यात चार-पाच दिवसाला. आधी काडी खुपसून बघा, चार बोटं खाली ओल असली तर राहू द्या, काळी माती वरून वाळलेली दिसती पण आत ओल धरती. बुंध्याजवळ मातीची भर लावा आणि पाणी बाहेरच्या गोल आळ्यात सोडा, दरसाल आळं थोडं मोठं करा.

दुसरं दुखणं भेगांचं. भेग पडली की बारीक मुळं तुटतात, आतली ओल पण उडती. खुरप्यानं माती भुसभुशीत करून भेगा बुजवायच्या, वर सोयाबीनचं भुसकट नाहीतर उसाचं पाचट, पण बुंध्यापासून वीतभर लांब, नाहीतर वाळवी आलीच समजा. पश्चिमेला तुराट्यांचा आडोसा करा, दुपारच्या उन्हात कोवळी साल भाजती. शेरडांनी खाऊ नये म्हणून भोवती बाभळीच्या काट्या.

काठीला बांधताना सुतळी ढिली, इंग्रजी आठच्या आकड्यासारखी. तार नको, साल कापती. बुंधा स्वतः उभा राहायला लागला की काठी काढा, वाऱ्यानं हलल्याशिवाय तो जाड होत नाही.

कलम असेल तर जोडाच्या खालची फूट दिसली की खुडा. माझं एक झाड दोन वर्षं जोमात वाढलं, मी खुश, मग कळलं केसर कधीच वाळलंय, वाढतंय ते खालचं गावरान!

आणि पहिली तीन वर्षं मोहोर खुडायचा, घरचे बोंबलले तरी. आमच्या आईनं एका झाडाचा लपवून ठेवलाच, दोन कैऱ्या लागल्या, आणि ते झाड बाकीच्यांपेक्षा अजून हातभर बुटकं आहे.