संध्याकाळी सहाची भूक आणि रविवारचा एक तास

नागपूरहून बुटीबोरी, हिंगणा किंवा मिहान या औद्योगिक भागांत कामासाठी रोज ये-जा करणाऱ्याचं खाणं बहुधा दुपारी बिघडत नाही; दुपारी डबा असतो. ते बिघडतं संध्याकाळी सहाला. जेवून पाच तास झालेले, डोकं भणाणलेलं आणि परतीच्या रस्त्यावर समोशाची कढई तापलेली. त्या वेळी मन घट्ट करून भागत नाही, पोटात आधीच काहीतरी हवं.

म्हणून पाच वाजता, भूक लागायची वाट न पाहता, दोन मुठी फुटाणे सालासकट खा. सोबत एक फळ. ऑक्टोबर ते डिसेंबर आंबिया बहाराची आणि फेब्रुवारीपासून मृगाची संत्री असतात. रस काढू नका, फोडी खा. चोथा पोटात गेला की भूक लांबते.

आता रविवारचा तास. दोन माणसांसाठी 1 वाटी मटकी शनिवारी सकाळी भिजत घाला, 8 तासांनी पाणी पूर्ण निथळून ओल्या पंच्यात बांधा. मे महिन्यात रात्रभरात मोड येतात, थंडीत दीड दिवसही लागतो, तेव्हा शुक्रवारी रात्रीच भिजवा. मटकी चिकट झाली, आंबूस वास आला, तर पाणी नीट निथळलेलं नव्हतं किंवा गर्मीत जास्त वेळ बांधून राहिली. ती टाकूनच द्या. चांगली मोडाची मटकी फ्रिजमध्ये तीन दिवस राहते. दीड वाटी तुरीची डाळ हळद घालून शिजवा, फोडणी देऊ नका. निवली की तीन छोट्या डब्यांत भरून फ्रिजमध्ये ठेवा. रोज एक डबा काढायचा, लसूण-जिऱ्याची फोडणी द्यायची, खळखळून उकळायचं. दहा मिनिटांत वरण तयार.

तिसरी वस्तू जवसाची चटणी, आणि हिच्यात घाई नको. 1 वाटी जवस जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर भाजा. आधी काहीच होत नाही, मग दाणे तडतडायला लागतात आणि खमंग वास सुटतो. तडतड मंदावली की लगेच ताटात काढा. कढईतच राहिले तर तळाचे दाणे करपतात आणि सगळी चटणी कडू होते. पूर्ण थंड झाल्यावर 6-7 भाजलेल्या लाल मिरच्या, 8 लसूण पाकळ्या आणि मीठ घालून थांबत थांबत फिरवा. सलग फिरवलं तर तेल सुटून गोळा होतो. कोरड्या बरणीत, कोरड्या चमच्याने वापरली तर पंधरा दिवस टिकते.

डबा भरताना भाजीची वाफ जाऊ द्या. गरम भाजीवर झाकण लावलं की आत पाणी सुटतं आणि दुपारपर्यंत ती उतरते. उन्हाळ्यात पारा 45 कडे गेला की उसळीत खोबरं नको, आणि डबा गाडीच्या डिक्कीत अजिबात नको. काकडी, कांदा अख्खा न्या, तिथेच कापा.

तर्री पोहे सोडायची गरज नाही. आठवड्यातून एकदा खा. तर्री कमी, चणे जास्त मागा.

गुरुवारपर्यंत फ्रिज रिकामा होतो, त्या रात्रीसाठी खिचडी. 1 वाटी तांदूळ, पाऊण वाटी मुगाची डाळ, 5 वाट्या पाणी, हळद, मीठ, हाताशी असेल ती भाजी. कुकरच्या तीन शिट्या. वर चमचाभर कच्चं तेल आणि ती जवसाची चटणी.