ड्युटी संपली की नकाशा बंद: मालाच्या गाड्यांचं जीपीएस कसं आवरायचं

आमच्या नऊ गाड्या आहेत. सहा ट्रक आणि तीन छोटा हत्ती. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्र्यांचं कास्टिंग चाकणला जातं, हंगामात मार्केट यार्डातला गूळ गुजरातला, आणि छोट्या गाड्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल अशा दिवसभर फिरतात. सांगली फाट्याजवळच्या ऑफिसात बसून बिल्टी (गाडीत भरलेल्या मालाची पावती), डिझेल, पगार आणि जीपीएस बघायचं काम गेली चौदा वर्षं माझ्याकडं आहे. ड्रायव्हर मला वहिनी म्हणतात.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचा एक ड्रायव्हर छोटा हत्ती रात्री पन्हाळ्याकडच्या आपल्या गावी नेतो आणि सकाळी तिथूनच कामाला निघतो. रविवारी घरच्या कामाला गाडी नेली तरी आमची हरकत नसते, डिझेल त्याचं तो घालतो. त्या रविवारी मी आठवड्याचं अ‍ॅव्हरेज काढायला स्क्रीन उघडली आणि त्याची गाडी बांबवड्यात अडीच तास थांबलेली दिसली. सोमवारी चहाच्या वेळी, चार माणसांसमोर, मी सहज विचारलं, "काल बांबवड्यात काय काढलंतास?" बाकीचे हसले. त्यानं कप तसाच ठेवला आणि गाडीकडं निघून गेला.

संध्याकाळी डिझेलची पावती द्यायला आला तेव्हा हळूच म्हणाला, "वहिनी, पोरीला स्थळ बघाय गेलतो. ठरंस्तवर भावकीत कळू द्यायचं नव्हतं." आमच्या ऑफिसातले दोघं त्याच्याच गावचे. दुपारपर्यंत गावात बातमी पोचलीसुद्धा होती.

मी माफी मागितली, त्यानं "असू दे" म्हटलं. मला मात्र ते असू देता येईना. त्याच आठवड्यात जीपीएस बसवणाऱ्या पोराला बोलावून बसवलं आणि एकेक सेटिंग बदलायला घेतली. दोन-तीनदा चुकलं, पुन्हा केलं. आता जे चाललंय ते इथं लिहिते. पाच-पंचवीस गाड्यांच्या मालकाला हे सगळं जमण्यासारखं आहे आणि खर्च जवळजवळ नाही.

आधी कागद घ्या

मशीनला हात लावण्याआधी एका कागदावर लिहा, की मला लोकेशन नक्की कशासाठी लागतं. आमच्या कागदावर चार गोष्टी उतरल्या. पार्टीचा, म्हणजे ज्यांचा माल आहे त्यांचा, फोन आला की माल कुठवर आला ते सांगायला. गाडी किंवा डिझेल चोरीला गेलं तर. गाडी बंद पडली, अपघात झाला तर. आणि सर्व्हिसिंगसाठी, अ‍ॅव्हरेजसाठी किलोमीटर. झालं. ड्रायव्हर जेवायला कुठं थांबला, रात्री कुणाकडं झोपला, रविवारी कुठं गेला, हे त्या कागदावर कुठंच नाही. पुढची प्रत्येक सेटिंग करताना हा कागद समोर ठेवा. एखादी माहिती चारपैकी एकालाही लागत नसेल तर ती गोळाच करायची नाही.

मग गाडीतून लोकेशन कुठून कुठून बाहेर पडतं ते मोजा. मला वाटत होतं एकच ट्रॅकर आहे. एका ट्रकमध्ये तीन वाटा निघाल्या: आम्ही बसवलेला ट्रॅकर, गाडी बनवणाऱ्या कंपनीचं स्वतःचं बसवून आलेलं यंत्र, आणि ड्रायव्हरच्या मोबाइलमध्ये एका पार्टीनं टाकायला लावलेलं अ‍ॅप. शिवाय फास्टॅग. चाकणच्या ट्रिपला किणी, तासवडे, आनेवाडी आणि खेड शिवापूर असे चार टोलनाके लागतात आणि प्रत्येक नाक्यावर पैसे कटल्याचा मेसेज मालकाच्या फोनवर येतो, वेळेसकट. पार्टीला "गाडी तासवडे ओलांडली" एवढं सांगायला हा मेसेज पुरतो. तेवढ्यासाठी दिवसभर नकाशा उघडा ठेवायची गरज नाही, हे मला फार उशिरा कळलं.

इथंच एक सूचना, आणि ती गंभीरपणे घ्या. ज्या गाडीत ट्रॅकर कायद्यानं सक्तीचा आहे, त्याची वायर काढू नका, त्यावर फॉइल गुंडाळू नका. सार्वजनिक प्रवासी वाहनांमध्ये एआयएस १४० मानकाचं यंत्र असतं आणि त्याला संकटात दाबायचं बटण जोडलेलं असतं. ते प्रवाशांच्या जिवासाठी आहे. काही प्रकारच्या मालवाहतुकीलाही ट्रॅकरची अट असते, तुमच्या परमिटचा कागद बघा किंवा आरटीओत विचारून घ्या. आपल्याला बदलायचं आहे ते आपल्या ऑफिसात कोण बघतं, कधी बघतं आणि किती दिवस साठवतं.

स्क्रीनवरचे बदल

सगळ्यात मोठा फरक पडला तो कामाची वेळ टाकल्यानं. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये वापरणाऱ्याच्या खात्याला वेळेची मर्यादा घालता येते, किंवा ट्रिप सुरू-बंद करायची सोय असते. आमच्या छोट्या गाड्यांना सोमवार ते शनिवार, सकाळी आठ ते संध्याकाळी सात अशी वेळ आहे. त्यानंतर ऑफिसच्या खात्यात त्या गाड्या दिसतच नाहीत. ट्रकला घड्याळ लावून चालत नाही, म्हणून तिथं ट्रिप धरली: बिल्टी बनली की सुरू, माल उतरल्याची सही आली की बंद. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये असलं काही नसेल तर जीपीएसवाल्या व्हेंडरला सांगा. आमच्यानं पहिल्यांदा "तसं होत नाही" म्हटलं, आणि पुढच्या वर्षाचं रिचार्ज थांबवते म्हटल्यावर दोन दिवसांत करून दिलं.

आता प्रश्न येतो की रात्री गाडी चोरीला गेली तर? त्यासाठी नकाशा उघडा ठेवावा लागत नाही, अलर्ट पुरतो. रात्री गाडी जिथं उभी असते तिथं दोनशे मीटरचा गोल आखा. रात्री अकरा ते पहाटे पाचमध्ये गाडी त्या गोलाबाहेर गेली तर मेसेज येईल. नाहीतर काहीच येणार नाही. बॅटरीची वायर तोडली तरचा अलर्टही चालू ठेवा. हा गोल ड्रायव्हरला विचारून, त्याच्या समोर आखा, आणि त्याला "घर" असं नाव देऊ नका. आमच्याकडं "पार्किंग १", "पार्किंग २" एवढंच लिहिलंय, कारण रिपोर्टची प्रिंट टेबलावर पडते आणि कुणीही वाचतं.

ट्रॅकर किती वेळानं ठिकाण पाठवतो, तो आकडा दहा सेकंदांवर असेल तर वाढवा. मी उत्साहात एकदम पाच मिनिटं केला आणि फसले. रत्नागिरीच्या ट्रिपला आंबा घाटात किलोमीटर कमी भरायला लागले. घाटाची वळणं दोन बिंदूंच्या मधे गिळली जातात आणि सॉफ्टवेअर सरळ रेघ मारून अंतर मोजतं. ड्रायव्हर म्हणतो रीडिंग इतकं, स्क्रीन म्हणते तितकं, आणि अ‍ॅव्हरेजवरून वाद. बिचारा खरं सांगत होता. आता एक मिनिट ठेवलंय, आणि अ‍ॅव्हरेजसाठी गाडीच्या मीटरचा फोटो घेतो. मीटर खोटं बोलत नाही आणि कुठं गेला तेही सांगत नाही.

जुना इतिहास पुसा. आमच्या खात्यात पावणेतीन वर्षांचा प्रत्येक थांबा साठलेला होता. आता नव्वद दिवस, तेही फक्त ट्रिपचा. भाड्याचा वाद, टोलचा हिशोब, वराईची (माल चढवण्या-उतरवण्याच्या मजुरीची) तक्रार, सगळं तेवढ्यात मिटतं. अपघाताचं किंवा पोलीस केसचं प्रकरण असेल तर तेवढीच ट्रिप वेगळी उतरवून ठेवा.

आणि लिंका. याबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचंय. पार्टीला लाइव्ह लोकेशनची लिंक पाठवायची सवय सगळ्यांना आहे, आणि ती लिंक कधी संपते हे कुणी बघत नाही. आम्ही एका पार्टीला दिलेली लिंक आठ महिने चालू होती. त्यांचा डिस्पॅचवाला आमच्या ड्रायव्हरला सुट्टीच्या दिवशी फोन करायचा, "गाडी तर गावातच उभी दिसतीय, ये की भाडं घेऊन." ड्रायव्हरला वाटायचं वहिनीच सांगतात. तुमच्या खात्यात शेअरिंगचा भाग उघडा आणि चालू असलेल्या सगळ्या लिंका आजच्या आज बंद करा. आमच्या एकतीस निघाल्या. इथून पुढं लिंक एका ट्रिपचीच, मुदत टाकूनच.

पासवर्डचंही तेच. ऑफिसात सगळ्यांना एकच पासवर्ड होता आणि नोकरी सोडून गेलेल्या पोराच्या फोनमध्येही तो चालू होता. आता तीन खाती आहेत. बिल्टी करणाऱ्याला फक्त चालू ट्रिप दिसतात. मला ट्रिप आणि रिपोर्ट. सगळं उघडणारं तिसरं खातं आहे, त्याचा पासवर्ड लिफाफ्यात घालून, वर सही करून, मामंजींच्या कपाटात ठेवलाय. लिफाफा फोडायचा तर रजिस्टरमध्ये तारीख, कारण, किती वेळ बघितलं आणि ड्रायव्हरला कधी सांगितलं, एवढं लिहायचं. कपाटापर्यंत चालत जावं लागतं म्हणून सहज कुणी बघत नाही. मीसुद्धा नाही.

ड्रायव्हरचा फोन हा ड्रायव्हरचा

गाडीला ट्रॅकर असताना माणसाच्या फोनवर ट्रॅकिंग करू नका. गाडी यार्डात राहिली तरी फोन घरी जातो. काही पार्ट्या सिमवरून ट्रॅकिंग मागतात, त्यात ड्रायव्हरला मेसेज किंवा फोन येतो आणि तो "हो" म्हणतो. ट्रिप संपल्यावर ती संमती मागे घ्यायची असते, हे त्याला कुणी सांगत नाही. तुम्ही सांगा, आणि बसून करून द्या. अ‍ॅप टाकावंच लागलं तर लोकेशनची परवानगी अ‍ॅप वापरतानापुरतीच द्यायला शिकवा आणि माल उतरला की अ‍ॅप काढून टाकू द्या. त्यापेक्षा व्हॉट्सअ‍ॅपचं लाइव्ह लोकेशन बरं. त्यात पंधरा मिनिटं, एक तास आणि आठ तास असे तीनच पर्याय आहेत, आणि बंद करायचं बटण ड्रायव्हरच्या हातात राहतं. आम्ही एक तासाच्या वर कधी मागत नाही.

कॅबिनच्या आत बघणारा कॅमेरा आम्ही बसवला नाही. ड्रायव्हर त्याच कॅबिनमध्ये झोपतो, कपडे बदलतो. रस्त्याकडं तोंड असलेला कॅमेरा आहे, तो अपघातात ड्रायव्हरच्याच कामाला येतो.

सांगितल्याशिवाय यातलं काही पुरं होत नाही. एक पान लिहा, साध्या मराठीत: कोणतं यंत्र आहे, काय दिसतं, कधी दिसत नाही, किती दिवस राहतं, तक्रार कुणाला. आमचे दोन ड्रायव्हर निपाणीकडचे, मराठी बोलतात पण कन्नड वाचतात, म्हणून पान सगळ्यांना बसवून वाचून दाखवलं. एक प्रत कॅबिनमध्ये, सनव्हायजरच्या मागं. ड्रायव्हरला स्वतःच्या ट्रिपचा रिपोर्ट मागता येतो आणि आम्ही तो देतो. एकानं तो दाखवून एका पार्टीकडून नऊ तास गाडी खोळंबल्याचे पैसे वसूल केले.

मालकमंडळी विचारतात, कायद्यात असं कुठं आहे? २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि ते टप्प्याटप्प्यानं लागू होत आहेत. नोकरीच्या कामासाठी माहिती वापरायला मालकाला त्यात वेगळी संमती लागत नाही, हे खरं. पण बांबवड्यातला रविवार नोकरीत कसा मोजायचा? मला तरी तो मोजता येत नाही.

सगळ्यांना बंदच हवं असतं असंही नाही. आमचे एक जुने ड्रायव्हर, आम्ही त्यांना मामा म्हणतो, स्वतःहून आले. "माझं रात्रीचं चालू ठेव पोरी, माल उतरवून येताना खंबाटकीच्या अलीकडं झोपतो तवा डिझेल काढत्यात." त्यांच्या गाडीचं रात्रीही चालू आहे, त्यांच्या सहीनं, आणि ते म्हणतील त्या दिवशी बंद होईल.

लिफाफा आजवर एकदाच फुटला. गेल्या पावसाळ्यात पंचगंगेला पाणी चढत होतं, चिखलीच्या ड्रायव्हरचा फोन लागेना, त्याच्या भावाचाही लागेना. रात्री साडेनऊला मामंजींनी कपाट उघडलं. गाडी सोनतळीला उभी दिसली, म्हणजे माणसं वर पोचली होती. रजिस्टरला नोंद आहे: कारण पूर, फोन बंद. बघितलं चार मिनिटं. ड्रायव्हरला सांगितलं दुसऱ्या दिवशी, लाइट आल्यावर. खाली त्याची सही आहे, आणि त्याच्या खाली नव्या लिफाफ्याची तारीख.