जाळी पडेपर्यंत टाळी नाही

नॅस्कारची, म्हणजे अमेरिकेतली स्टॉक कारची शर्यत पहिल्यांदा बघायला कुणी आमच्याकडे शार्लटला आलं, की तिकीट काढण्याआधीच मी एक अट घालते. क्रॅश झाला तर ड्रायव्हरच्या खिडकीची जाळी खाली येईपर्यंत टाळ्या, शिट्ट्या, आरोळ्या यातलं काहीही नाही. ज्याला हे जमणार नसेल त्याने घरी टीव्हीवर बघावं. पाहुणे मनातून जरा दुखावतात, पण मी या अटीवर ठाम आहे. कारण ज्या क्षणी स्टँडमधले हजारो लोक ओरडत असतात, त्या क्षणी आतल्या माणसाला श्वास घेता येतोय की नाही, हे कुणालाच माहीत नसतं.

आधी ही जाळी समजून घ्या. स्टॉक कार दिसायला रोजच्या गाडीसारखी, पण तिच्या डाव्या, ड्रायव्हरच्या खिडकीला काच नसते, पट्ट्यांची जाळी असते. १९७० मध्ये डार्लिंग्टनच्या ट्रॅकवर रिचर्ड पेटी या ड्रायव्हरची गाडी उलटली आणि त्याचं डोकं नि हात खिडकीबाहेर हेलकावताना सगळ्यांनी पाहिलं. त्यानंतर ही जाळी सक्तीची झाली. धडक बसल्यावर ड्रायव्हर शुद्धीवर असेल तर तो ती आतून सोडतो. त्याचा अर्थ, मी ठीक आहे. जाळी तशीच राहिली तर बचाव पथक जिवाच्या आकांताने पळतं.

अडचण अशी की ओव्हल ट्रॅकवर गाड्या डावीकडे वळत फिरतात, म्हणजे ड्रायव्हरची बाजू ट्रॅकच्या आतल्या अंगाला असते. स्टँड बाहेरच्या अंगाला. त्यामुळे जाळी आपल्याला बहुतेक वेळा थेट दिसतच नाही. म्हणून मोठ्या पडद्यावर नजर ठेवा आणि शक्य असेल तर स्कॅनर भाड्याने घ्या. त्यावर ड्रायव्हर, स्टँडच्या छतावरून त्याला आजूबाजूच्या गाड्या सांगणारा स्पॉटर आणि टीमचा प्रमुख, म्हणजे क्रू चीफ, यांचं रेडिओवरचं बोलणं ऐकू येतं. क्रॅश झाला की त्या गाडीचा चॅनल लावा. क्रू चीफ विचारतो, ठीक आहेस ना? उत्तर लगेच आलं तर जीव भांड्यात पडतो. उत्तर नाही आलं तर कान तिथेच ठेवा आणि शेजाऱ्यांना उगाच काही सांगत सुटू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कुठला क्रॅश भयंकर, हे डोळ्यांना कळत नाही. गाडी हवेत उडाली, कोलांट्या खाल्ल्या, पत्रे उडाले की आपल्याला वाटतं, संपलं सगळं. पण प्रत्येक कोलांटीत, प्रत्येक तुटणाऱ्या भागात वेग थोडाथोडा खर्च होत असतो. माणसाचा जीव घेतो तो वेग एका झटक्यात शून्यावर येणं. २००८ मध्ये टेक्ससला पात्रता फेरीत मायकल मॅकडॉवेलची गाडी भिंतीवर आदळून गडगडत खाली आली, आणि तो चालत बाहेर पडला. २०२३ च्या ऑगस्टमध्ये डेटोनाला रायन प्रीसच्या गाडीने इतक्या कोलांट्या खाल्ल्या की मोजणं सुटलं. एक रात्र दवाखान्यात काढून तो दुसऱ्या दिवशी सकाळी घरी गेला.

आणि आता १८ फेब्रुवारी २००१ आठवा. डेटोना ५००, शेवटची फेरी, चौथं वळण. डेल अर्नहार्टची काळी तीन नंबरची गाडी ताशी सुमारे १६० मैलांनी भिंतीला लागली आणि घसरत गवतावर येऊन थांबली. बघणाऱ्यांना ती साधी धडक वाटली. पुढे त्याच्याच मालकीच्या टीमचा मायकल वॉल्ट्रिप जिंकला, मुलगा डेल ज्युनियर दुसरा आला, लोक जल्लोष करत होते. अर्नहार्ट कवटीच्या तळाच्या फ्रॅक्चरने गेला होता. आदल्याच वर्षी अॅडम पेटी, केनी अर्विन आणि टोनी रोपर हे तीन ड्रायव्हरही धडकेतच गेले होते.

म्हणून माझी सवय अशी: गाडी किती उडाली ते बघू नका, ती कशावर आणि कुठल्या कोनात आदळली ते बघा. भिंतीला सरळ नाक लागलं, थांबलेल्या गाडीच्या दारात दुसरी गाडी घुसली, पाठ भिंतीवर सपाट आपटली, की मी उभी राहते आणि बोलणं बंद करते. रायन न्यूमनचा २०२० चा डेटोनाचा क्रॅश कोलांटीमुळे नाही, उलट्या गाडीच्या ड्रायव्हर बाजूवर कोरी लाजोयची गाडी आदळली म्हणून गंभीर झाला.

त्या संध्याकाळी पुढे जे झालं, त्यातून वाट कशी बघायची ते शिकता येतं. पथकाने गाडीभोवती काळे पडदे धरले. पडदे धरले म्हणजे माणूस गेला, असा अर्थ काढू नका. आत जे चाललंय ते घरच्यांनी टीव्हीवर बघू नये, म्हणून ते असतात. शर्यत थांबवणारा लाल झेंडा, रेंगाळणारी अॅम्ब्युलन्स, टीव्हीवर रिप्ले बंद होणं, यातून एवढंच कळतं की प्रकरण गंभीर आहे. न्यूमनच्या जिवाला धोका नाही हे अधिकृतपणे सांगायला सुमारे दोन तास लागले. त्या दोन तासांत फोनवर किती जणांनी त्याला श्रद्धांजली वाहून टाकली! दोन दिवसांनी तो दोन्ही मुलींचे हात धरून दवाखान्यातून चालत बाहेर आला. त्याच्या घरच्यांनी ते संदेश वाचले असतील तर काय वाटलं असेल, याचा विचार करा आणि अधिकृत निवेदन येईपर्यंत फोन खिशातच ठेवा. आपण काढलेला व्हिडिओही तोपर्यंत कुणालाही पाठवू नका.

मुलं बरोबर असतील तर तयारी आधीपासून करा. माझ्या भाच्याने भर स्टँडमध्ये मला विचारलं होतं, ‘आत्या, मेला का गं तो?’ ‘छे, काही नाही झालं’ असं मी म्हणाले नाही, कारण मला ते माहीत नव्हतं. मी त्याला कामाला लावलं: सावधगिरीचे पिवळे दिवे लागले का बघ, पथकाची गाडी किती पटकन पोचली बघ, पडद्यावर जाळी दिसते का सांग. मुलांना खोटा धीर नको असतो, हाताला काहीतरी हवं असतं. आणि शर्यतीच्या आदल्या दिवशीच त्यांना सांगून ठेवा की ड्रायव्हरच्या खांद्यावर हान्स नावाची कॉलर असते, ती हेल्मेटला पट्ट्यांनी बांधलेली असते, म्हणून धडकेत डोकं पुढे फेकलं जात नाही. काँक्रीटच्या भिंतीपुढे स्टीलच्या नळ्या आणि मागे फोम असलेली सेफर भिंत असते, ती नेब्रास्का विद्यापीठातल्या डीन सिकिंग यांच्या गटाने तयार केली आणि २००२ मध्ये इंडियानापोलिसला पहिल्यांदा बसली. मी हे लिहितेय तोवर, २००१ नंतर नॅस्कारच्या तीन मुख्य मालिकांच्या शर्यतींत एकही ड्रायव्हर दगावलेला नाही. हे मुलाला ठाऊक असलं की तो घाबरतो, पण कोसळत नाही.

नावडत्या ड्रायव्हरचं काय? शर्यतीआधी ड्रायव्हरांची ओळख करून देतात तेव्हा त्याची हुर्यो खुशाल उडवा, तो खेळाचाच भाग आहे. पण तो भिंतीवर आदळला की तो कुणाचा तरी मुलगा असतो, एवढं पुरे. माझ्या मागच्या रांगेत एक आजोबा बसायचे, जन्मभर फोर्डवाले. शेवरलेवाला आदळला तरी ते टोपी काढून उभे राहायचे आणि जाळी पडली की सगळ्यात आधी टाळी त्यांची.

क्रॅशनंतर दोषी शोधायची घाई तर मुळीच नको. अर्नहार्टच्या गाडीशी स्टर्लिंग मार्लिनच्या गाडीचा स्पर्श झाला होता, तेवढ्यावरून मार्लिनला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. शेवटी डेल ज्युनियरला, ज्याचा बाप गेला होता त्याला, पुढे येऊन लोकांना थांबवावं लागलं. मुद्दाम धडक दिली असेल तर नॅस्कार बघून घेतं. २०२३ मध्ये शार्लटला डेनी हॅमलिनला भिंतीत घातल्याबद्दल चेस एलियटसारख्या लाडक्या ड्रायव्हरलाही एका शर्यतीची बंदी झाली.

जाळी पडली, ड्रायव्हर हात हलवत अॅम्ब्युलन्सकडे गेला, म्हणजेही सगळं संपलं असं नाही. २०२२ मध्ये पोकोनोला कर्ट बुशची गाडी पाठीमागून भिंतीवर आपटली. बघायला काहीच नव्हतं, पण मेंदूला बसलेल्या त्या धक्क्याने त्याची कारकीर्द संपली. त्या वर्षी आलेल्या नव्या गाडीचा मागचा भाग फार कडक निघाला होता, तो पुढच्या वर्षी बदलावा लागला. डेल ज्युनियरनेही २०१६ चा अर्धा हंगाम अशाच दुखापतीमुळे सोडला. डोकं दुखतंय म्हणून गाडीतून उतरणाऱ्या ड्रायव्हरला भित्रा म्हणणाऱ्यांना माझ्या शेजारी जागा नाही.

रागच करायचा असेल तर योग्य जागी करा. २०१५ मध्ये डेटोनाला काइल बुश आतल्या बाजूच्या उघड्या काँक्रीटवर आदळला, तिथे सेफर भिंत नव्हती. उजवा पाय मोडला, डाव्या पायाचा पंजाही. त्याच रात्री ट्रॅकच्या प्रमुखांनी जबाबदारी मान्य करून सगळीकडे त्या भिंती लावायचं जाहीर केलं. तुम्ही तिकीट काढता, तेव्हा विचारायचा हक्क तुम्हालाही आहे: या वळणाच्या आतल्या भिंतीला काय लावलंय? इथे गवत का ठेवलंय? प्रीसची गाडी गवतावर गेल्यावरच उचलली गेली होती. डेटोनाच्या मागच्या सरळ पट्ट्यावरचं ते गवत काढून नंतर तिथे डांबर घातलं गेलं. पुढच्या वेळी डेटोना लावलंत की तो पट्टा बघून ठेवा.