लंडनचे म्यूज घर भाड्याने घेताना

लंडनमध्ये काही दिवस मुक्काम करायचा असेल आणि बरोबर आई-वडील व मुले मिळून पाच-सहा जणांचे कुटुंब असेल, तर हॉटेलच्या दोन-तीन सुट्या खोल्या घेण्याऐवजी एखादे म्यूज घर, म्हणजे मोठ्या घरांमागील गल्लीतल्या जुन्या पागेचे केलेले घर, भाड्याने घेण्याचा विचार जरूर करावा. शहराच्या अगदी मध्यभागी असूनही रहदारीपासून आत असलेली गल्ली, रस्त्यावर उघडणारा स्वतःचा दरवाजा, सकाळचा चहा मनासारखा करता येईल असे स्वयंपाकघर आणि रात्री सगळ्यांना एकत्र बसता येईल अशी बैठकीची खोली, हे सारे हॉटेलात मिळत नाही. मात्र ही घरे मुळात घोड्यांसाठी आणि गाड्यांसाठी बांधलेली आहेत, आणि त्यांचे बहुतेक गुणदोष त्या एकाच गोष्टीतून आलेले आहेत. ती ध्यानात ठेवून घर निवडले, तर पुढे हळहळण्याची वेळ येत नाही.

अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत मॅरिलबोन, बेल्ग्रेव्हिया, पॅडिंग्टन, केन्सिंग्टन या भागांत श्रीमंतांच्या उंच घरांच्या रांगा उभ्या राहिल्या, तेव्हा त्या रांगांच्या पाठीमागे अरुंद गल्ल्या आखून त्यांत पागा बांधण्यात आल्या. मोठ्या वाड्याच्या मागच्या अंगाला पागा असावी, तशीच ही रचना होती. तळमजल्यावर रुंद दरवाजांच्या आत घोडे आणि बग्गी, वर गवताचा माळा, आणि त्याला लागून कोचमन व मोतद्दार यांच्या राहण्याच्या खोल्या. विसाव्या शतकात मोटारी आल्या, घोडे गेले, पागांची गॅरेजे झाली आणि हळूहळू गॅरेजांची घरे झाली. ज्या गल्ल्या नोकरचाकरांसाठी होत्या, त्याच आज लंडनमधील महागड्या वस्त्यांत मोडतात. तरीही भिंती, जिने आणि खिडक्या यांचा मूळ आराखडा बऱ्याच ठिकाणी तसाच राहिला आहे.

म्हणूनच जाहिरातीतील छायाचित्रे पाहण्याआधी घराचा नकाशा मागावा, आणि मालकाकडे नकाशा नसेल तर निदान कोणत्या मजल्यावर कोणती खोली आहे हे लेखी विचारून घ्यावे. सर्वांत पहिला प्रश्न उजेडाचा असतो. मागील मोठ्या घरातील लोकांवर नोकरांची नजर पडू नये म्हणून अनेक म्यूज घरांच्या मागच्या भिंतीला खिडकीच ठेवलेली नसे, त्यामुळे आजही पुष्कळ घरांत उजेड आणि वारा केवळ गल्लीच्या बाजूने येतो. चांगले नूतनीकरण झालेल्या घरांत छताला काचेची झडप बसवून किंवा जिन्याच्या वर काचेचे छत करून ही उणीव भरून काढलेली असते. रुंद भिंगाने काढलेल्या आणि सगळे दिवे लावलेल्या छायाचित्रांत खोली लख्ख दिसते, तेव्हा प्रत्येक झोपण्याच्या खोलीला बाहेर उघडणारी खिडकी आहे का, हे स्पष्टपणे विचारावे. डिसेंबरात लंडनला दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून हिवाळी सहलीसाठी हा प्रश्न अधिकच महत्त्वाचा ठरतो. उलट जूनमध्ये रात्री नऊनंतरही उजेड असतो, आणि छताला काच असेल पण तिला पडदा नसेल, तर लहान मुले वेळेवर झोपत नाहीत आणि पहाटे पाचला उठून बसतात.

दुसरा प्रश्न जिन्याचा आहे, आणि आपल्या घरांतील वडीलधाऱ्या मंडळींचा विचार करता मी त्याला सर्वांत अधिक महत्त्व देईन. माळ्यावर जाण्यासाठी केलेला जिना अरुंद आणि चढा असे, आणि जागा वाचवण्यासाठी तो मध्येच वळवलेला असे. नूतनीकरणात लाकूड नवे येते, परंतु चढ फारसा कमी होत नाही. लिफ्ट जवळपास कुठेच नसते. काही घरांत बैठकीची खोली वर आणि झोपण्याच्या खोल्या तळमजल्यावर, तर काही घरांत याच्या उलट व्यवस्था असते. गुडघे दुखणाऱ्या आईसाठी तळमजल्यावर झोपण्याची खोली आणि त्याच मजल्यावर शौचालय असलेले घरच निवडावे, मग ते दिसायला थोडे साधे असले तरी चालेल. जिन्याला दोन्ही बाजूंनी धरायला कठडा आहे का, आणि स्नानासाठी उंच काठाच्या टबात पाय टाकून उतरावे लागते की सपाट फरशीवर शॉवर आहे, या दोन गोष्टींचे छायाचित्र मालकाकडून मागवून घेण्यात कोणताही संकोच बाळगू नये. गल्लीतील दगडी फरसबंदी दिसायला देखणी असते, पण तिच्यावरून चाकांची बॅग ओढणे कष्टाचे असते आणि पावसात ती निसरडी होते. काठी घेऊन चालणाऱ्या व्यक्तीसाठी टॅक्सी थेट दारापर्यंत येते की गल्लीच्या तोंडाशी असलेल्या कमानीपाशीच थांबते, हे विचारावे, कारण काही गल्ल्या खासगी असून त्यांना फाटक असते.

परिसर निवडताना आपण विमानतळावरून कसे येणार, याचा आधी विचार करावा. हीथ्रोहून २०२२ साली सुरू झालेली एलिझाबेथ लाइन ही रेल्वे साधारण अर्ध्या तासात थेट पॅडिंग्टनला पोहोचवते, आणि तिथे लिफ्ट असल्यामुळे जड सामान असलेल्या कुटुंबाला पॅडिंग्टन व बेझवॉटरच्या बाजूची म्यूज घरे सोयीची पडतात. याच बाजूला, हाइड पार्कच्या उत्तरेस असलेल्या बाथर्स्ट म्यूजमध्ये घोडेस्वारीचे तबेले टिकून राहिले, ही गोष्ट या घरांचा इतिहास जाणून घेऊ इच्छिणाऱ्याला नक्की आवडेल. पॅडिंग्टनहून कालव्याच्या काठाने लिटल व्हेनिसकडे चालत गेले, की जवळच हाउली प्लेस हा शांत रस्ता लागतो. १९१८-१९ या काळात लोकमान्य टिळक तिथल्या दहा क्रमांकाच्या घरात राहिले होते, आणि त्या घरावर त्यांच्या नावाची निळी फलक-चकती आहे. मराठी माणसाने तेवढी वाट अवश्य वाकडी करावी. प्रिमरोज हिलच्या बाजूला घर मिळाले, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये जिथे राहिले आणि जे महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले, ते किंग हेन्रीज रोडवरील स्मारकही पाहता येते. वस्तुसंग्रहालये हा मुख्य हेतू असेल, तर भुयारी रेल्वेच्या पिकॅडिली लाइनवरील साउथ केन्सिंग्टन आणि ग्लॉस्टर रोडचा परिसर उत्तम आहे, परंतु तिथल्या कायनन्स म्यूजसारख्या प्रसिद्ध गल्ल्यांत वेली लाल झाल्या की छायाचित्रे काढणाऱ्यांची गर्दी होते. म्यूज घराला अंगण किंवा पदपथ नसतो आणि तळमजल्याची खिडकी थेट गल्लीवर उघडते, त्यामुळे अशा नामांकित गल्लीपेक्षा तिच्या शेजारची, कोणाला ठाऊक नसलेली गल्ली राहण्यासाठी केव्हाही चांगली. बेल्ग्रेव्हियातील काही म्यूजमध्ये जुने पब आहेत, आणि उन्हाळ्याच्या संध्याकाळी लोक पेला हाती घेऊन बाहेर गल्लीतच उभे राहतात. मुले लवकर झोपणारी असतील, तर पबपासून चार घरे लांब असलेले बरे.

आता कायद्याकडे वळू. ग्रेटर लंडनमध्ये राहते घर अल्प मुदतीसाठी भाड्याने द्यायचे असेल, तर २०१५ च्या डीरेग्युलेशन कायद्यानुसार एका कॅलेंडर वर्षात एकूण ९० रात्रींपर्यंत ते देता येते, आणि त्यापुढे स्थानिक कौन्सिलची नियोजन परवानगी लागते. ही मर्यादा पाहुण्यागणिक नसून घरामागे असते. याचा व्यवहारात अर्थ असा, की वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत जे घर सतत उपलब्ध दिसते आणि ज्याच्याखाली वर्षभरातील पाहुण्यांचे अभिप्राय साचलेले असतात, त्या घराला परवानगी आहे का, हे विचारणे योग्य ठरते. परवानगी असलेला मालक उत्तर देताना अडखळत नाही. हा प्रश्न केवळ नियमापुरता नाही, कारण शेजाऱ्यांनी तक्रार केल्यामुळे आयत्या वेळी आरक्षण रद्द झाले, तर पाच-सहा जणांना मध्य लंडनमध्ये त्याच दिवशी दुसरी जागा शोधणे अत्यंत महागात पडते.

फसव्या जाहिराती ओळखण्यासाठी नकाशाच्या संकेतस्थळावरील रस्त्याचे दृश्य उघडून दाराचा रंग, खिडक्यांची संख्या आणि कमान या गोष्टी छायाचित्रांशी ताडून पाहाव्यात. म्यूज घरे एकमेकांना चिकटून असली, तरी दरवाजे, झडपा आणि दारातल्या कुंड्या घरागणिक वेगळ्या असतात, त्यामुळे ही ताडणी सोपी जाते. रक्कम बँकेतून थेट एखाद्या व्यक्तीच्या खात्यात पाठवण्याची मागणी झाली, तर व्यवहार तिथेच थांबवावा. पैसे क्रेडिट कार्डाने आणि आरक्षणाच्या संकेतस्थळामार्फतच द्यावेत.

भाड्याची तुलना करताना एका रात्रीचा दर बाजूला ठेवून संपूर्ण मुक्कामाची एकूण रक्कम पाहावी. साफसफाईचे शुल्क मुक्काम दोन रात्रींचा असो की सात रात्रींचा, सहसा तेवढेच असते, म्हणून दोन रात्रींसाठी म्यूज घर क्वचितच परवडते, आणि चार-पाच रात्रींपासून पुढे कुटुंबासाठी ते हॉटेलच्या बरोबरीला किंवा त्याहून स्वस्तात येऊ लागते. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२५ पासून टाळता न येणारी सर्व शुल्के सुरुवातीला दाखवलेल्या किमतीतच धरणे व्यावसायिकांना बंधनकारक झाले आहे, तेव्हा शेवटच्या पानावर अचानक वाढलेली रक्कम दिसली, तर त्याचे कारण मागावे. अनामत रक्कम किती आणि ती किती दिवसांत परत मिळते, हेही लेखी घ्यावे. भारतीय पारपत्रावर प्रवास करणाऱ्यांनी व्हिसा हातात येईपर्यंत पूर्ण पैसे परत मिळतील असेच आरक्षण करावे, मग त्यासाठी दर थोडा अधिक पडला तरी हरकत नाही.

घरात पाऊल ठेवल्यावर सर्वांत आधी आग लागल्यास बाहेर कसे पडायचे, हे सगळ्यांनी मिळून पाहून घ्यावे. हा सल्ला मी औपचारिकता म्हणून देत नाही. म्यूज घराला बहुधा मागचा दरवाजा नसतो, आणि वरच्या मजल्यावरून उतरणारा जिना अनेकदा थेट बैठकीच्या खोलीत किंवा उघड्या स्वयंपाकघरापाशी संपतो. धुराचा गजर प्रत्येक मजल्यावर आहे ना, गॅसचा बॉयलर असल्यास कार्बन मोनॉक्साइडचा गजर आहे ना, आणि मुख्य दरवाजा आतून किल्लीशिवाय उघडतो ना, या तीन गोष्टींची खात्री पहिल्याच संध्याकाळी करावी. इंग्लंडमध्ये पैसे घेऊन पाहुणे ठेवणाऱ्याने आगीच्या धोक्याचे लेखी मूल्यांकन करून ठेवणे अपेक्षित असते, त्यामुळे त्याविषयी विचारल्यास मालकाने रागावण्याचे काही कारण नाही.

स्वयंपाकघर हा म्यूज घर घेण्यामागचा आपला खरा लाभ असतो, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर. शेगडी बहुतेक ठिकाणी इंडक्शनची असते आणि तिच्यावर घरून नेलेला ॲल्युमिनियमचा कुकर किंवा कढई तापत नाही. न्यायचाच असेल, तर इंडक्शनवर चालणारा लहान स्टीलचा कुकर न्यावा. फोडणीच्या धुराने गजर वाजण्याचा प्रसंग अगदी नेहमीचा आहे, कारण स्वयंपाकघर, बैठक आणि जिना एकाच पोकळीत असतात आणि धूर सरळ जिन्याच्या छतापर्यंत चढतो. तेल तापायला ठेवण्याआधीच शेगडीवरचा पंखा चालू करावा, गल्लीकडची खिडकी उघडावी, तेल धुरावण्याच्या आत मोहरी टाकावी, आणि मिरची सगळ्यात शेवटी टाकून लगेच वरणात ओतावी किंवा झाकण ठेवावे. गजराची बॅटरी काढणे किंवा त्यावर पिशवी बांधणे मात्र कधीही करू नये. डाळ, पोहे, कढीपत्ता आणि हिरव्या मिरच्या यांच्यासाठी यूस्टन स्थानकामागील ड्रमंड स्ट्रीटवर भारतीय दुकाने आहेत, त्यामुळे मुंबईहून किराण्याचे ओझे वाहण्याची गरज नाही. विजेची सॉकेटे तिथल्या चौकोनी तीन पिनांची असल्याने अडॅप्टर आठवणीने न्यावेत.

या गल्ल्यांत आवाज फार लांबवर जातो. दोन्ही बाजूंना भिंती आणि खाली दगड, त्यामुळे रात्री अकराला दारात उभे राहून मारलेल्या गप्पा समोरच्या घरातील झोपण्याच्या खोलीत स्पष्ट ऐकू येतात. रात्री ११ ते सकाळी ७ हा तिथे शांततेचा काळ मानला जातो, आणि पहाटेच्या विमानासाठी निघताना बॅगा चाकांवरून ओढण्याऐवजी कमानीपर्यंत उचलून नेण्याचा शिष्टाचार पाळावा. शेजारी तिथे वर्षानुवर्षे राहतात, आणि पाहुण्यांमुळे त्यांची झोपमोड झाली, तर पुढच्या कुटुंबाला ते घर मिळेनासे होते. कचऱ्याच्या पिशव्या ठरलेल्या दिवशीच बाहेर ठेवायच्या असतात, तेव्हा तो दिवस आणि वेळ मालकाकडून समजून घ्यावी. भाड्याची मोटार घेऊन येऊ नये, कारण गॅरेजचा मोठा दरवाजा दिसत असला, तरी त्यामागे बहुधा बैठकीची खोली असते आणि रस्त्यावरील जागा परवानाधारक रहिवाशांसाठी राखीव असतात.

आल्या-आल्या प्रत्येक खोलीची, भांड्यांची आणि फर्निचरवरील जुन्या डागांची छायाचित्रे काढून ठेवावीत, आणि निघतानाही तशीच काढावीत, म्हणजे अनामत रकमेवरून वाद होत नाही. घर साधारणपणे सकाळी दहा-अकरापर्यंत रिकामे करावे लागते आणि भारतात परतणारी पुष्कळ विमाने संध्याकाळी किंवा रात्री सुटतात. म्यूज घराला स्वागतकक्ष नसल्यामुळे बॅगा ठेवायला जागा नसते. मालकाने दुपारपर्यंत सामान राहू देण्याचे कबूल केले तर उत्तमच, नाहीतर पॅडिंग्टन स्थानकावरील सामान ठेवण्याच्या केंद्रात बॅगा देऊन उरलेला दिवस मोकळा ठेवावा आणि तिथूनच हीथ्रोची गाडी पकडावी.