ब्लॉक हीटर तपासताना आधी वायर बघा

सकाळी इंजिन गारठलेलंच मिळालं, म्हणजे ब्लॉक हीटर (थंडीत इंजिन गरम ठेवायला त्याच्या कूलंटमध्ये बसवलेला, मेन्सवर चालणारा हीटर) जळाला, असं धरून कूलंट काढायला घेऊ नका. मी एकदा तसं केलं. नवा हीटर बसवला, कूलंट भरलं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बंपरमागे वायर क्लिपमध्ये दुमडली होती. वरचं रबर शाबूत, आतली तांब्याची तार तुटलेली.

प्लग काढा, इंजिन गार होऊ द्या. मल्टिमीटर 200 ओहमवर लावून दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवा. 0.3, 0.4 असा जो आकडा येईल तो मीटरच्या स्वतःच्या वायरींचा. तो नंतर वजा करायचा.

आता प्रोब प्लगच्या फेज आणि न्यूट्रल पिनांवर धरा. किती यायला हवं ते हीटरवरच्या वॅटवरून काढता येतं: व्होल्टेजचा वर्ग भागिले वॅट. 120 व्होल्टचा 400 वॅटचा हीटर 36 ओहम दाखवेल, 1000 वॅटचा 14 च्या आसपास. 230 व्होल्टच्या 500 वॅटला साधारण 106. थोडं कमीजास्त चालतं. शून्याजवळ आला तर शॉर्ट आहे, प्लग परत लावूच नका.

‘ओएल’ (OL, म्हणजे रेंजच्या बाहेर) किंवा डावीकडे नुसता 1 आला, तर कुठेतरी ओपन आहे, म्हणजे जोड तुटलाय. इथेच लोक घाई करतात. वायर हीटरपासून ओढून काढा आणि हीटरच्या टर्मिनलवर थेट मोजा. तिथे बरोबर आकडा आला तर हीटर ठणठणीत आहे. मग मीटर बीपवर (तार सलग असली की वाजतो त्या सेटिंगवर) ठेवून वायरीची एकेक तार या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासा, आणि तपासताना वायर हलवत राहा. माझ्या वायरीची बीप त्या दुमडीपाशी बोट दाबलं की यायची, सोडलं की जायची. टर्मिनलवर हिरवट गंज असेल तर आधी तो खरवडा. काही वायरींमध्ये थर्मोस्टॅट असतो, तो थंडी पडल्याशिवाय जोडतच नाही. अशी वायर उकाड्यात तपासली तर ओपनच दिसणार.

शेवटी मीटर सगळ्यात मोठ्या ओहमच्या रेंजवर नेऊन हीटरचं प्रत्येक टर्मिनल आणि इंजिनचा उघडा धातू यांच्यात मोजा. इथे मात्र ओएलच हवं. आकडा आला तर हीटर बदला. ओएल येऊनही प्लग लावताच अर्थ लीकेज ब्रेकर पडत असेल, तर मीटरचं ऐकू नका: त्याच्या बॅटरीच्या दाबाला न दिसलेली गळती मेन्सच्या दाबाला सापडते. वायर काढून पुन्हा बघा. वायर एकटी असताना ब्रेकर टिकला, तर मग खुशाल कूलंट काढा.